ओवाळणी आणि वाटा

आपल्याकडे टीकाकार कादंबरी वाचतो, कवितासंग्रह वाचतो, नाटक पाहून आल्यावर त्याविषयी चार शब्द लिहितो. सरकारी अहवाल मात्र कोणी टीकाकार वाचीत नाही. अहवाल हा वाचण्यासाठी नसतोच, तो टेबलावर ठेवण्यासाठी असतो, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. आणि ती पुष्कळ अंशी खरीही आहे. पण गेल्या ऐंशी वर्षांत घरातले मूल जगले की गेले, गिरणीत हात सापडलेल्या माणसाच्या घरी चूल पेटली की नाही, दुष्काळात गाव उठून चालते झाले की तेथेच राहिले, हे ज्या लेखनाने थोडेफार तरी ठरविले ते कादंबऱ्यांत नाही. ते अहवालांत आणि कायद्याच्या कलमांत आहे. मग वाङ्मय म्हणून एकदा त्याच्याकडे पाहावयास काय हरकत आहे? दिवाळीच्या अंकात हा विषय रुक्ष वाटेल खरा. तरी वाचकांनी लगेच पान उलटू नये; पुढे भाऊबीजही येणार आहे.

माझा प्रश्न हिशेबनिसाचा नाही. किती कोटी मंजूर झाले आणि किती खर्ची पडले हे पाहण्यासाठी लेखापरीक्षक आहेत. मला पाहावयाचे आहे ते इतकेच की, आरोग्य देऊ, काम देऊ, पडत्या काळात आधार देऊ, असे देशाचे सरकार ज्या कागदांत म्हणते त्या कागदांत नागरिक म्हणून जो माणूस येतो तो असतो तरी कसा? तो वाक्याचा कर्ता असतो की कर्म? कादंबरीतल्या पात्राविषयी आपण हे विचारतोच.

आरंभ भोर समितीच्या अहवालापासून करावा लागेल. सर जोसेफ भोर १८७८ साली नाशिकला जन्मले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि पुढे सनदी नोकरीत गेले. गंमत अशी की, ज्यांच्या अहवालाने इंग्लंडात कल्याणकारी राज्याची कल्पना घराघरांत नेली ते विल्यम बेव्हरिज जन्मले १८७९ साली, बंगालातल्या रंगपूरला. त्यांचा अहवाल डिसेंबर १९४२ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, बाहेर पडला आणि तो विकत घेण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. सरकारी प्रकाशनासाठी रांग! दारिद्र्य, रोग, अज्ञान, बकालपणा आणि बेकारी असे पाच राक्षस त्यांनी उभे केले होते, आणि राक्षस कोणत्याही वाचकाला समजतो.

भोर समिती ऑक्टोबर १९४३ मध्ये नेमली गेली. तिचा अहवाल १९४६ साली चार खंडांत आला. आपल्याकडे रांगेचा प्रश्नच नव्हता. १९५१ च्या शिरगणतीतही साक्षरांचे प्रमाण शेकडा १८ च्या आसपास होते. शिवाय ह्या अहवालात राक्षस नाहीत. त्यात कोष्टके आहेत. १९३७ साली ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १६२ मुले वर्षाच्या आत दगावली. जन्मलेल्याने सरासरी २७ वर्षांहून कमी जगावे अशी स्थिती. डॉक्टर ६,३०० माणसांमागे एक, परिचारिका ४३,००० माणसांमागे एक. गद्य संथ, विशेषणे जवळजवळ नाहीत. पण हे आकडे एकाखाली एक ठेवण्यात जो संताप आहे तो मला कित्येक क्रांतिकारक कवितांच्या संतापापेक्षा अस्सल वाटतो. लेखक ओरडत नाही. तो फक्त पुढची ओळ लिहितो.

ह्या अहवालाचे मध्यवर्ती पात्र कोण? शहरातला रोगी नव्हे. खेड्यातली बाळंतीण आणि तिचे तान्हे मूल. समितीने मोठ्या इस्पितळापासून विचार सुरू केला नाही, घरापासून केला. पाणी, घाण, अन्न, सुईण, घरी जाऊन चौकशी करणारी परिचारिका, आणि मग दवाखाना. नजीकच्या काळासाठी ४० हजार वस्तीला एक प्राथमिक केंद्र, त्यात दोन डॉक्टर आणि डॉक्टरांहून संख्येने अधिक परिचारिका व सुइणी. दूरच्या काळासाठी त्याहूनही मोठा आराखडा. आणि ह्या सगळ्याच्या तळाशी एक साधे तत्त्व: खिशात पैसा नाही म्हणून कोणाचे उपचार अडता कामा नयेत. मजुरांचे पुढारी नारायण मल्हार जोशी ह्या समितीवर होते हे येथे आठवते. मुंबईच्या चाळींतून सोशल सर्व्हिस लीगचे काम उभे केलेल्या माणसाला हे तत्त्व कोणी शिकवावे लागले नसणार.

अहवालात उणिवा नाहीत असे नाही. सर्वांत मोठी उणीव ही की, चार खंड संपतात तरी बाळंतीण स्वतः एक शब्दही बोलत नाही. तिच्याविषयी सर्व जण बोलतात. गावचा वैद्य आणि हकीम ह्यांना तर उंबऱ्याबाहेरच ठेवले आहे. पदवीधर डॉक्टर हाच एक खरा डॉक्टर, कमी शिक्षणाचा परवानाधारक डॉक्टर आता नको, असा बहुमताचा आग्रह होता. काही सभासदांनी त्याविरुद्ध आपले वेगळे मत नोंदवले, आणि आज मागे वळून पाहता त्यांना खेडे अधिक ठाऊक होते असे म्हणावेसे वाटते. पदवीधर खेड्यात जाईल हे बहुमताने गृहीतच धरले होते. पुढे १९५२ पासून विकास गटांत प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली ती साधारणतः ६० हजार ते लाखभर वस्तीला एक आणि तिथे डॉक्टर एक. ह्या अहवालाचे नाव पुढच्या प्रत्येक समितीने आदराने घेतले. आदर हा न वाचण्याचा एक सभ्य प्रकार आहे.

भोर समिती बसली त्याच वर्षी, म्हणजे मार्च १९४३ मध्ये, सरकारने प्रा. बी. पी. आडारकर ह्यांच्याकडे कारखान्यातील कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना करण्याचे काम सोपविले होते. डॉ. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. आडारकरांचा अहवाल १९४४ साली आला, एप्रिल १९४८ मध्ये कामगार राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपूरला योजनेचा आरंभ केला. हा कागद भोर अहवालापेक्षा पुष्कळच लहान, भाषेनेही कोरडा. पण ह्यात पात्र बदलते. येथे जो येतो तो विमेदार आहे. त्याच्या पगारातून पैसा कापलेला आहे, मालकाने आपला भरलेला आहे, आणि म्हणून आजारपणात भत्ता, बाळंतपणात भत्ता, अपघातात भरपाई आणि औषधपाणी हे त्याचे घेणे आहे. न दिल्यास भांडण्यासाठी विमा न्यायालयाची तरतूद कायद्यातच आहे. चाळीतला एखादा विणकर विमा दवाखान्यातल्या औषधाला दहा शिव्या देई, पण रांगेत उभा राहताना त्याची मान खाली नसे, ती ह्यामुळे.

मग ह्या कागदाचे दुखणे कोठे आहे? ते व्याख्येत आहे. कारखाना बारमाही असला पाहिजे, विजेसारख्या शक्तीवर चालणारा असला पाहिजे, आणि त्यात २० किंवा अधिक माणसे असली पाहिजेत, असा मूळ कायदा. इंग्लंडात त्याच वर्षी, ५ जुलै १९४८ रोजी, राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली ती तेथे राहणाऱ्या प्रत्येकासाठी. आपल्याकडे घरी बसून विड्या वळणारी बाई, शेतमजूर, भांडीवाली, हमाल ह्यांपैकी कोणीच त्या व्याख्येच्या दारातून आत येऊ शकत नव्हते. पुढे व्याख्या वाढत गेली हे खरे. पण मूळ बंधन कायम राहिले: हक्क नोकरीला चिकटलेला. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक निजल्या तेव्हा त्या ताठ मानेच्या विणकराची वर्गणी थांबली आणि वर्गणीमागून हक्कही गेला.

संविधानाकडे येताना मनात थोडा संकोच होतो, कारण त्या ग्रंथाविषयी आपण स्तुती किंवा निंदा ह्यांखेरीज तिसरे काही बोलत नाही. पण चौथ्या भागातील ४१ वे कलम टीकाकाराने नीट वाचावे असे आहे. काम, शिक्षण, आणि बेकारी, वार्धक्य, आजार, अपंगत्व ह्या प्रसंगी साहाय्य, ह्यांचा हक्क तेथे नावानिशी आलेला आहे. हक्क हा शब्द आहे! पण राज्याची आर्थिक शक्ती असेल त्या मर्यादेत, अशी अटही त्याच वाक्यात आहे, आणि ३७ व्या कलमाने न्यायालयाचे दार आधीच लावून टाकले आहे. घटना समितीत प्रा. के. टी. शाह ह्यांनी ह्या तरतुदींना बँकेला सवड होईल तेव्हा वटणाऱ्या धनादेशाची उपमा दिली होती. उपमा झणझणीत आहे, तिला पुरते उत्तर अजून कोणी दिलेले नाही. डॉ. आंबेडकरांचे म्हणणे असे होते की, हे मोडणाऱ्याला न्यायालयात जाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीत मतदारांपुढे द्यावा लागेल. ह्या उत्तरात मोठा विश्वास आहे. मात्र मतदारापुढे जाब देण्याऐवजी त्याच्यापुढे नजराणा ठेवून जाब चुकविता येतो, ही युक्ती लोकशाहीला तेव्हा अवगत नव्हती.

ह्या ४१ व्या कलमातला एक तुकडा खऱ्याखुऱ्या कायद्यात उतरला तो प्रथम महाराष्ट्रात, आणि तो मजकूर मला ह्या सर्व कागदांत श्रेष्ठ वाटतो. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ च्या सुमारास, मागेल त्याला काम देऊन पाहण्याचा प्रयोग त्यांनी केला. मग १९७२-७३ चा दुष्काळ आला. त्या दुष्काळात हजारो कामांवर लाखो माणसे खडी फोडीत होती, नाले बांधीत होती, पाझर तलावांची माती वाहत होती. रोजगार हमी कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

त्याचे तिसरे कलम वाचावे. तेथे सरकार कर्ता नाही. ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्ती ही कर्ता आहे, आणि तिला कामाचा हक्क आहे. अंगमेहनतीचे काम आणि त्याची मजुरी, आठवड्याला, फार तर पंधरवड्याला. काम देता आले नाही तर भत्ता. हा भत्ता दिवसाला किमान एक रुपया इतका हास्यास्पद होता, हे येथेच सांगून टाकतो. हक्काची भाषा आणि रुपयाची किंमत ह्यांचा मेळ बसविण्यात आमचे कायदे नेहमीच कच्चे. तरीही प्रत्येक प्रौढ व्यक्ती ह्या तीन शब्दांचे मोल कमी होत नाही. नवऱ्याला काम मिळाले म्हणून बायकोचा हक्क संपला, असे त्या वाक्यात नाही. सासू, सून, थोरला मुलगा, प्रत्येकाचे नाव मस्टरवर वेगळे. ह्या कामांवर बायका एवढ्या मोठ्या संख्येने आल्या त्याचे एक कारण, माझ्या मते, ह्या वाक्याची रचना हे आहे. ह्यापूर्वी कोणत्या सरकारी वाक्यात त्या एकट्या उभ्या होत्या?

आणि पैसा कोठून आला? तो शहरातून आला. ज्यांना पगाराची चिठ्ठी मिळते त्यांनी ती काढून पाहावी: व्यवसाय कर, बहुतेकांना महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ च्या कायद्याने बसला तो मुळात ह्या हमीसाठी, आणि त्यातून जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालावयाची असे ठरले. दादरचा कारकून आणि माणदेशातली मजूर बाई ह्यांच्यामध्ये एक नाते अशा रीतीने कायद्याने जोडले. कारकुनाला ते ठाऊक नसते ही गोष्ट वेगळी. त्याला ठाऊक असते ते इतकेच की फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त जातात.

योजनेच्या अंमलात घाण पुष्कळ झाली. खोटी मस्टरे, मुकादमांच्या चोऱ्या, मजुरीसाठी महिनोन्महिने खेटे, पावसाळ्यात वाहून गेलेले बांध. पण ह्या तक्रारी आपल्यापर्यंत आल्या कशा? मजुरांनी मोर्चे काढले, तहसील कचेरीपुढे ठाण मांडले, न्यायालयात गेले म्हणून आल्या. ज्याला वाटा आहे तोच वाटणीत लबाडी झाली म्हणून ओरडू शकतो.

ह्याच कल्पनेवरून संसदेने २००५ साली सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला आणि फेब्रुवारी २००६ पासून तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला. देशव्यापी हमी ही केवढी तरी मोठी गोष्ट. शिवाय निदान एकतृतीयांश काम स्त्रियांना मिळावे अशी अट त्यात होती. पण प्रत्येक प्रौढ व्यक्तीच्या जागी तेथे कुटुंब आले: वर्षाला कुटुंबामागे १०० दिवस. महाराष्ट्राने १०० च्या पुढच्या दिवसांचा भार स्वतःच्या तिजोरीवर घेतला, पण देशाच्या वाक्यात माणूस जाऊन घर आले ते आलेच. आता शंभर दिवसांची वाटणी घरात करावयाची, आणि घरातली वाटणी कशी होते हे ह्या अंकाच्या वाचकांना मी सांगावयास नको. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १२५ झाले, एकक कुटुंबच राहिले.

आता सांगितल्याप्रमाणे भाऊबीज. अलीकडच्या योजनांच्या भाषेत एक शब्द सगळीकडे पसरला आहे: लाभार्थी. घडण विद्यार्थ्यासारखी, पण विद्यार्थी विद्या मागतो आणि लाभार्थी लाभ मागतो. लाभ म्हणजे जे आपले नव्हते आणि पदरात पडले ते. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने आरोग्याची मोठी योजना आणली, तीत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या इस्पितळातील उपचारांचे कार्ड मिळू लागले. घरावर कर्जाचा डोंगर येण्यापासून हे कार्ड वाचवू शकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण भोर समितीची बाळंतीण येथे दिसत नाही. ह्या कार्डाची कथा माणूस खाटेवर पडल्यावर सुरू होते. भोर अहवालाची कथा तो पडू नये म्हणून त्याच्या अंगणातून सुरू झाली होती. शेतकऱ्यांना २०१९ पासून वर्षाला ६ हजार रुपये तीन हप्त्यांत मिळू लागले, त्याचे नाव सन्मान निधी. हमीभाव मागणाऱ्याला सन्मान! आणि २०२४ साली आपल्या राज्याने महिना १,५०० रुपयांची योजना काढली तेव्हा तर नात्याचाच शब्द वापरला: लाडकी बहीण.

शब्द निवडणाऱ्याच्या चातुर्याला दाद दिली पाहिजे. मराठी कानाला बहीण म्हटले की ओवाळणी आठवते. भाऊ पाटावर बसतो, ताटात काहीतरी टाकतो, आणि किती टाकले हे बहीण मोजीत नाही. मोजले तर तिची शोभा जाते. ओवाळणी गोडच असते. पण ती भावाच्या मर्जीची आणि ऐपतीची असते, आणि ह्या वर्षी हात आखडता असला तर त्याविरुद्ध अर्ज करता येत नाही. बहिणीचा वाटा ही निराळी वस्तू. हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचे स्थान महाराष्ट्राने १९९४ साली दिले, देशाने २००५ साली. म्हणजे रोजगार हमी देशभर झाली त्याच वर्षी. त्यानंतरही वाटा मागितला की नाते तुटते आणि ओवाळणी घेतली की टिकते, असेच आपल्या घराघरांत चालले आहे. हक्कसोडपत्रावर सही करून आलेल्या बहिणीला भाऊ त्या वर्षी चांगली पैठणी घेतो.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. हक्काची भाषा बोलणाऱ्या कायद्यांत मजुरी महिनोन्महिने अडकली. आणि लाडाच्या भाषेतला पैसा बाईच्या स्वतःच्या खात्यावर, मध्ये मुकादम न येता, जमा झाला. ज्या बाईने आयुष्यात प्रथम स्वतःच्या नावावर पैसा पाहिला तिला तुमचे व्याकरण काय होय? खरे आहे. त्या पैशाने कोणाचे औषध आले, कोणाची शाळेची वही आली. दीड हजारांना नावे ठेवण्याचा अधिकार ज्याला महिन्याअखेर दीड हजारांची वाण भासत नाही त्याला तर मुळीच नाही. खात्यावर थेट पैसा पाठविण्याची सोय चांगलीच आहे, ती मजुरीलाही लागू पडते आणि पडलीही.

पण शब्दाची परीक्षा पैसा येतो त्या महिन्यात होत नाही. पैसा येत नाही त्या महिन्यात होते. यादीतून नाव गेले, निकष बदलले, छाननी झाली, तर लाभार्थी काय करतो? तो वाट पाहतो, शेजारणीला विचारतो, एखाद्या कार्यकर्त्याच्या ओळखीने कचेरीत जाऊन हात जोडतो. हक्कदार काय करतो? २००५ च्या कायद्याने ह्यासाठी एक अगदी क्षुल्लक दिसणारी वस्तू दिली होती: काम मागणाऱ्याच्या अर्जाची तारीख घातलेली पोचपावती. त्या तारखेपासून १५ दिवस मोजावयाचे. सोळाव्या दिवशी काम नसेल तर बेकारी भत्ता देणे लागते, आणि तो द्यावयाचा राज्याच्या तिजोरीतून. म्हणजे ग्रामपंचायतीच्या कचेरीत अर्ज घेऊन आलेली बाई, एका चिठोऱ्याच्या बळावर, राज्याची धनको होते.

ह्या चिठोऱ्याची ताकद कोणी ओळखली नसेल तर ती समीक्षकांनी. गावोगावच्या कारकुनांनी ती पहिल्याच वर्षी ओळखली. ते अर्ज नाकारीत नसत. अर्ज घेत, बाईला बसावयास सांगत, पाणीही देत, आणि तारखेची जागा कोरी ठेवीत.